लिहायचं क्नॉक, म्हणायचं क्रुक

परदेशी माणसांना मराठी शिकवण्याचा उद्योग मी गेली काही वर्षं आमच्या घराच्या पुढच्या खोलीत करते. घर बुधवार पेठेत, दुसऱ्या मजल्यावर. खाली नवऱ्याचं वायरी, प्लग, स्पीकर असल्या सुट्या मालाचं दुकान. रस्ता असा, की माझ्याकडे येणारा प्रत्येक विद्यार्थी 'नमस्कार' शिकायच्या आधी 'सरका' शिकतो. त्याशिवाय जिन्यापर्यंत पोचताच येत नाही.

नवरा मूळचा अमरावतीचा. शिकायला म्हणून पुण्यात आला, शिक्षण अर्ध्यात सोडून दुकानात शिरला आणि माझ्याशी लग्न करून इथलाच झाला. म्हणजे बाकी सगळ्या बाबतीत. जिभेने तो अजून अमरावतीतच राहतो. गिऱ्हाइकाशी पुणेरी बोलायचा प्रयत्न करतो, पण जरा आनंद झाला किंवा राग आला, की 'का'च्या जागी 'काऊन' आणि 'करतोय'च्या जागी 'करून रायलो' सुरू. मी सदाशिव पेठेत वाढले. माझ्या विद्यार्थ्यांच्या कानावर असलं काही पडू नये म्हणून शिकवणी चालू असताना त्याने वर यायचं ते फक्त चहा घेऊन, आणि तोंड न उघडता, असं आमच्यात ठरलं होतं. ठरवलं होतं ते मी, हेही सांगून टाकते.

मागच्या वर्षी गणपती उरकले आणि माझ्याकडे दोन नवे विद्यार्थी आले.

पहिले एक स्कॉटिश आजोबा. तिकडच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या कुठल्याशा बेटाचे. उभं आयुष्य फेरीबोटीचं इंजिन सांभाळण्यात गेलेलं. बायको वारलेली, एकुलत्या मुलीने पुण्याचा मुलगा केलेला. मुलगी-जावई मांजरीला उसाच्या शेतांना खेटून उठलेल्या एका नव्या इमारतीत राहत होते. त्यांना बाळ झालं म्हणून आजोबा काही महिन्यांसाठी आले होते. मराठी कशाला शिकायची, असं मी विचारलं, तेव्हा त्यांनी इंग्रजीत जे सांगितलं ते असं :

"मुलीच्या सासूबाई कोथरूडहून येतात. त्यांना इंग्रजी कळतं, पण त्या बोलत नाहीत. आम्ही दोघं एका सोफ्यावर बसतो आणि बाळाकडे बघून हसतो. बाळ झोपलं, की काय करायचं?"

मी त्यांना लगेच घेऊन टाकलं.

दुसरी आयरिश. तिशी ओलांडलेली, लालसर केसांची, हिंजवडीच्या एका कंपनीत मोठ्या हुद्द्यावर आलेली. तिचं कारण आणखी सरळ होतं. "ऑफिसात सगळे माझ्याशी इंग्रजी बोलतात. लिफ्टमध्ये शिरले, की मराठी बोलतात आणि हसतात. मला ती लिफ्ट समजून घ्यायची आहे."

दोघांना मी शनिवारी दुपारी एकत्र बसवलं. मला वाटलं, शेजारशेजारचे देश, रमतील एकमेकांत. आजोबा मांजरीहून बसने यायचे, ती हिंजवडीहून टॅक्सीने. म्हणजे एक शहराच्या या टोकाहून आणि दुसरी त्या टोकाहून. तरी आपलाच रस्ता जास्त वाईट आहे यावर दोघांचा ठाम विश्वास होता. पहिल्या दिवशी ओळख करून दिली, तेव्हा आजोबा म्हणाले, "आयर्लंड. तिथे पाऊस फार."

ती म्हणाली, "तुमच्याकडेही."

संपली ओळख. मी पुण्याची असल्यामुळे मला यात काही वावगं वाटलं नाही. पण पुढचे तीन-चार शनिवार गेले तरी गाडी त्याच्या पुढे सरकेना. एकमेकांकडे बघायचं नाही, एकाने चूक केली की दुसऱ्याने छताकडे बघायचं. मी कंटाळले. भांडले असते तर बरं, असं मला मनापासून वाटायला लागलं.

देवाने ऐकलं. पुढच्या शनिवारी मी फळ्यावर एक चित्र काढलं : मागे डोंगर, पुढे टेकडी, मधून नदी, नदीकाठी झाड. चित्र बघून झाडाला दोघंही गाय म्हणाले, पण ते असो. टेकडीवर पट्टी ठेवून मी म्हटलं, "ही टेकडी. डोंगरापेक्षा लहान. म्हणा, टेकडी."

"टेकडी," आजोबा म्हणाले, आणि मग स्वतःशीच, घशात खरखर करत पुटपुटले, "क्रॉख्क."

आयरिश बाईने मान गर्रकन वळवली. पहिल्यांदाच तिने त्यांच्याकडे सरळ बघितलं.

"काय म्हणालात?"

"काही नाही. आमच्या भाषेत टेकडीला म्हणतात."

"तुमच्या कुठल्या भाषेत? ते क्रुक आहे. क्रुक! आणि ती आमची भाषा आहे."

मग कळलं ते असं. आजोबांची भाषा गेलिक, हिची आयरिश. दोघी सख्ख्या बहिणी. पण आजोबांना वाटलं होतं, हिंजवडीतल्या पोरीला कसली येतेय आयरिश. आणि हिला वाटलं होतं, बोटीवरचा म्हातारा, याला इंग्रजीपलीकडे काय येणार. ती निघाली आयर्लंडच्या पार वायव्य टोकाची, जिथे घरीदारी अजून तीच भाषा बोलतात. आता दोघं माझ्यादेखत, माझ्या फळ्यासमोर, एका टेकडीवरून भांडायला लागले. क्रॉख्क की क्रुक. आजोबांचं म्हणणं, हिच्या लोकांनी शब्द अर्धा गिळला. तिचं म्हणणं, यांच्या लोकांना तो घशातून नीट बाहेरच काढता आला नाही.

"थांबा," मी म्हटलं. "दोघंही फळ्यावर लिहून दाखवा."

दोघांनी लिहिलं. अक्षरं तंतोतंत तीच. मी वाचलं, "क्नॉक."

"बरोबर," दोघंही म्हणाले.

"यात 'र' कुठे आहे?"

"नाहीये."

"मग म्हणता कशाला?"

"म्हणतात," आजोबा म्हणाले.

"लिहायचा 'न' आणि म्हणायचा 'र'?" मी खडू खाली ठेवला. "आमच्या मराठीत असले प्रकार चालत नाहीत. जसं लिहितो तसं बोलतो." हे वाक्य मी प्रत्येक तुकडीला एकदा तरी ऐकवते, आणि ऐकवताना मान थोडी वर करते.

आयरिश बाई शांतपणे म्हणाली, "बाई, चार लिहा."

मी लिहिलं.

"आता गाईचा चारा लिहा." मी लिहिलं. "दोन्ही वाचा."

मी वाचलं आणि वाचता वाचता अडकले. एकच 'च', आणि माझ्याच तोंडून दोन वेगवेगळे निघाले. आजोबांनी टाळी वाजवली. त्या दोघांचं एकमत झालेलं मी पहिल्यांदा पाहिलं, आणि ते माझ्याविरुद्ध होतं. तेवढ्यात नवरा चहा घेऊन आला, फळ्याकडे बघितलं, तिघांच्या तोंडाकडे बघितलं आणि ठरलेलं सगळं विसरून म्हणाला, "काऊन, भांडून रायले का?"

"काऊन?" आजोबांनी विचारलं.

"काही नाही," मी म्हटलं. "चहा घ्या."

सूड घ्यायचा म्हणून मी त्या संध्याकाळी फोनवर शोधाशोध केली, आणि मला एक रत्न सापडलं. या दोघांच्या देशांमधल्या समुद्रात एक छोटंसं बेट आहे, तिथे तिसरी बहीण नांदते. मँक्स तिचं नाव. ती टेकडीला म्हणते 'क्राँक'. आणि लिहितेही 'र' घालूनच, जसं म्हणते तसं.

पुढच्या शनिवारी मी न्यायाधीशाच्या थाटात बसले. "तुमच्या वादाचा मी अभ्यास केला," मी म्हटलं. "तुम्ही दोघंही चुकता. बरोबर शब्द आहे क्राँक. मधल्या बेटावरचे लोक तसंच म्हणतात, तसंच लिहितात. तिघांत शहाणे तेवढेच."

मग आजोबा आयरिश बाईकडे वळले. ती त्यांच्याकडे वळली.

"ते?" ती म्हणाली. "ते तर इंग्रजांसारखं स्पेलिंग करतात!"

"बाई, आपल्याला माहीत नाही," आजोबा कळवळून म्हणाले. "त्यांच्याकडची एक पाटी मी बोटीवरून उतरून वाचली होती. मला वाटलं, माझा चष्मा बिघडला."

मग दोघांनी मिळून त्या बिचाऱ्या बेटाची अशी काही सालटी काढली, की माझा धडा तिथेच राहिला. आमच्याकडेही पुण्याचा आणि नागपूरचा माणूस एकत्र आला, की मुंबईवर बोलतो. जिना उतरताना त्या दिवशी ते पहिल्यांदाच बरोबर उतरले. खालून नवऱ्याने हाक मारून विचारलं, "काय केलं वं तू त्यांना?" मी म्हटलं, "दोस्ती."

उच्चाराचा वाद असा मिटला, पण आकाराचा उभा राहिला. आजोबांच्या म्हणण्याप्रमाणे त्यांच्याकडे हा शब्द अगदी किरकोळ उंचवट्याला वापरतात, मेंढरू वर चढलं तरी घरातून दिसावं एवढ्या. त्याच्या वर गेलं, की निराळे शब्द. आयरिश बाई म्हणे, आमच्याकडे ढगात घुसलेल्या शिखरालाही हेच म्हणतात. मग टेकडी म्हणजे नक्की केवढी, असं दोघांनी मला विचारलं. मी 'डोंगरापेक्षा लहान' म्हटलं. डोंगर केवढा? 'टेकडीपेक्षा मोठा.' यावर आयरिश बाईने असा चेहरा केला, की मी रविवारी सकाळी दोघांना हनुमान टेकडीवर घेऊन जायचं ठरवलं. नवरा न बोलावता आला. त्याच्या पिशवीत चिवडा होता.

टेकडीवर सकाळी कोण येतं, हे पुण्याच्या माणसाला सांगायला नको. निवृत्त मंडळी येतात, शहराकडे पाठ करून बसतात आणि शहराबद्दल बोलतात. आजोबा बोटीवरच्या माणसासारखे एका लयीत चढले. आयरिश बाई पळत चढली. नवरा निम्म्यातच एका दगडावर टेकला आणि घाम पुसत म्हणाला, "तुमचे पुण्याचे लोक याले टेकडी म्हणतात? पहाड आहे हा, पहाड!"

"पहाड?" आजोबांनी लगेच विचारलं.

"हिंदी आहे," मी म्हटलं.

"हिंदी काऊन? माझी आजी म्हणायची. तिले हिंदीचा एक शब्द येत नव्हता."

वर पोचल्यावर दोघं पुन्हा माझ्या मागे लागले. निवाडा हवा. मग मी कट्ट्यावर बसलेल्या एका काठीवाल्या गृहस्थांना गाठलं. कानटोपी, हातात वर्तमानपत्र, चेहऱ्यावर जगाबद्दलची जुनी तक्रार.

"अहो, आपण रोज येता ना इथे?"

"का? आज पहिल्यांदा आल्यासारखा दिसतो?"

"तसं नाही. या दोघांचा एक वाद आहे. ही टेकडी म्हणायची की डोंगर?"

त्यांनी दोघांना नीट न्याहाळलं. "कुठून आलेत?"

"एक आयर्लंडहून, एक स्कॉटलंडहून."

"तिकडच्या संपल्या का?"

नवरा एव्हाना धापा टाकत वर पोचला होता. गृहस्थांनी काठी त्याच्याकडे केली. "यांना चढताना दम लागला?"

"लागला ना," नवरा म्हणाला.

"मग चढताना डोंगर. उतरताना टेकडी. आणि खाली पाटीवर काय लिहिलंय ते वाचलं असतंत तर मला विचारावं लागलं नसतं." ते पुन्हा वर्तमानपत्रात शिरले.

मी हे भाषांतर करून सांगितलं. आजोबा एवढे खूश झाले, की त्यांनी गृहस्थांपुढे जाऊन हात जोडले आणि शिकवल्याप्रमाणे "आपला आभारी आहे" म्हणाले. गृहस्थांनी वर न बघता "असावंच" म्हटलं.

मग आजोबांनी एका उंचवट्याकडे बोट केलं. त्यावर एक कुत्रं पाय वर करून उभं होतं. "आमचं एवढं." आयरिश बाईने लांबवर धुक्यात दिसणाऱ्या सिंहगडाकडे हात केला. "आमचं तेवढंही." आणि मग आजोबांनी तिला काहीतरी विचारलं, जे इंग्रजीत नव्हतं. मला वाटतं, तुझ्या घरामागच्या टेकडीचं नाव काय, असं असावं, कारण तिने उत्तर दिलं तेव्हा त्यात तो शब्द होता. आजोबांनी ते नाव आपल्या पद्धतीने म्हणून बघितलं. तिने मान हलवली. त्यांनी पुढचं वाक्य टाकलं. ते तिला कळलं नाही, तर सावकाश पुन्हा सांगितलं. अर्धं कळलं की दोघं हसायचे, न कळलं की हातवारे करायचे. आम्ही नवरा-बायको बाजूला बसून चिवडा खात होतो. नवरा हळूच म्हणाला, "आपलं लग्न झालं तेव्हा आपलं असंच होतं ना?"

उतरताना आजोबा माझ्या बाजूने चालले. बायको गेल्यापासून ते ही भाषा कुणाशीच बोलले नव्हते. मुलीला कळते, पण ती इंग्रजीत उत्तर देते. फोनवर एक भाऊ होता, तोही गेला. हे त्यांनी इंग्रजीत सांगितलं, आणि मग मराठीत म्हणाले, "बाई, आज तोंड उघडला."

'उघडलं' असं मी सुधारणार होते. नाही सुधारलं.

त्यानंतर माझ्या वर्गाचं वाटोळं झालं. शनिवारी दोघं यायचे ते बोलतच. मी क्रियापदं घेतली, की एकमेकांच्या कानाशी लागायचे, आणि दाबून हसायचे. माझ्याकडे बघायचे, फळ्याकडे बघायचे आणि पुन्हा हसायचे. माझ्याच घरात, माझ्याच सतरंजीवर बसून मला काही कळू नये, हे मला सहन होईना. मी नवऱ्याकडे तक्रार केली, तर तो म्हणाला, "तू आणि मी नाही का बोलत त्यांच्यासमोर? परवा तू त्या पोरीच्या सँडलबद्दल काय म्हणली?"

"ते वेगळं," मी म्हटलं.

एका शनिवारी भूतकाळ चालू होता. नवरा चहा घेऊन आला. त्याला ट्रे चौरंगावर ठेवायचा म्हणजे वाकावं लागतं, आणि वाकला की शर्टाची खालची दोन बटणं जीव मुठीत धरून बसतात. आजोबांनी त्याच्याकडे बघितलं, आयरिश बाईकडे झुकले आणि घशात काहीतरी खरखरले. तिने तोंडावर हात दाबला. पण त्या खरखरीत मला एक शब्द स्वच्छ ऐकू आला. त्यांच्या सगळ्या भाषेतला मला येणारा एकुलता एक शब्द.

"कुठला क्रॉख्क?" मी खडू फिरवत विचारलं. "कुणाचा?"

आयरिश बाई कानापर्यंत लाल झाली. आजोबा छताकडे बघायला लागले.

"काय झालं?" नवऱ्याने विचारलं.

"काही नाही. तुमच्या पोटाला टेकडी म्हणतायत."

नवऱ्याने ट्रे ठेवला, सरळ उभा राहिला, आणि पोटावरून हात फिरवला. "टेकडी?" तो दुखावल्यासारखा म्हणाला. "ह्या पोटासाठी म्या किती खाल्लं आजवर! पहाड म्हणा."

आजोबा आधी हसले. मग आयरिश बाई इतकी हसली, की तिचा चहा सतरंजीवर सांडला. सतरंजी कुणी धुतली ते विचारू नका. तिने मात्र त्या दिवशी एक गोष्ट कबूल केली : लिफ्टमधले लोक तिच्याबद्दल काय बोलत होते, ते तिला आता कळायला लागलं होतं. बोलत होते ते तिच्याबद्दल नव्हतंच. कँटीनच्या जेवणाबद्दल होतं. "एवढे महिने मी उगीच चिडत होते," ती म्हणाली, आणि जरा नाराजच दिसली.

आता आजोबांच्या विहीणबाईंकडे यायला हवं, कारण त्यांच्यासाठीच हा सगळा घाट घातला होता. बाळाच्या बोरन्हाणाच्या दिवशी कोथरूडला विहीणबाईंकडे जेवण होतं. आजोबा तिथे पहिल्यांदा मराठी बोलणार होते. आदल्या शनिवारी मी त्यांच्याकडून वाक्यं घोटून घेतली : 'नमस्कार. आपण कशा आहात? स्वयंपाक फारच रुचकर झाला आहे.' आजोबा एकेक वाक्य इंजिन तपासावं तसं तपासत होते. मला खात्री होती, कोथरूड हलवून सोडणार.

रविवारी दुपारी त्यांच्या मुलीचा मला फोन आला. मराठी तिची चांगली झाली होती, पण या वेळी ती रडतेय की हसतेय ते मला कळेना.

घडलं ते असं. जेवायला बसले. विहीणबाई वाढत होत्या. अत्यंत नीटनेटक्या, कमी बोलणाऱ्या बाई. सगळं घर आजोबांकडे बघत होतं. आजोबांनी घसा साफ केला, हात जोडले आणि मोठ्याने म्हणाले, "नमस्कार, विहीणबाई. काय करून रायले?"

घर गार पडलं. आजोबांना वाटलं, आवाज पोचला नाही. म्हणून त्यांनी वरणाच्या वाटीकडे बोट केलं आणि पुढचं वाक्य टाकलं. "वरणात सांबार नाही टाकला का?"

जावई खाली बघायला लागला. वरणात सांबार कोण घालतं? पण विहीणबाईंच्या हातातली पळी तिथेच थांबली. त्यांनी आजोबांकडे बघितलं, मग एकदम खुर्ची ओढून त्यांच्या समोरच बसल्या.

"अवो माय!" त्या म्हणाल्या. "टाकला ना. खाली बसला असंल. कुठचे वो तुम्ही?"

विहीणबाईंचं माहेर अकोल्याचं होतं. त्यांच्याकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात, हे कोथरूडच्या त्या घरात कुणाच्या गावीही नव्हतं. लग्न होऊन आल्यावर पहिल्याच आठवड्यात कुणीतरी त्यांच्या बोलण्याला हसलं. त्या दिवसापासून त्यांनी बोलणंच आवरतं घेतलं होतं. नीट बोलता येईना आणि वाकडं बोलायचं नाही, म्हणून कमी बोलायच्या. मुलाला वाटायचं, आईचा स्वभावच अबोल. त्या दुपारी म्हणे त्या जेवायच्या विसरल्या. आजोबांना कळो न कळो, त्या बोलत राहिल्या, आणि आजोबा दर दोन वाक्यांनी "हाव" म्हणत राहिले.

मी फोन ठेवला आणि तशीच दुकानात उतरले.

"तुम्ही त्यांना काय शिकवलंत?"

नवरा एका गिऱ्हाइकाला ॲडॅप्टर दाखवत होता. "म्या? काही नाही. काऊन?"

"सांबार?"

"त्यांची बस लवकर येते," तो ॲडॅप्टरकडे बघत म्हणाला. "दर शनिवारी ते तुझ्या शिकवणीच्या आधी इथं स्टुलावर येऊन बसतात. इंजिनवाला माणूस आहे, सोल्डरिंग करू लागतो मले. मग काय तोंड शिवून बसायचं? आम्ही बोलतो. ते म्हणतात, तुझं बोलणं बाईंपेक्षा लवकर जिभेवर बसते."

"लवकर?"

"मी नाही म्हणलं. ते म्हणले."

गिऱ्हाइकाने पैसे दिले आणि जाता जाता विचारलं, "काका, काऊन म्हणजे काय हो?"

पुढच्या महिन्यात विहीणबाईंनी आम्हा सगळ्यांना जेवायला बोलावलं. फोन त्यांनी मला केला नाही, नवऱ्याला केला. दोघं अर्धा तास बोलत होते; मला फक्त पातोडी आणि उन्हाळा एवढंच कळलं. आयरिश बाईलाही बोलावलं होतं. तिची बदली ठरली होती, पण ती हसतमुख होती. जायच्या आधी लिफ्टमध्ये एकदा मराठीत बोलून त्या मंडळींची बोबडी वळवायचा तिचा बेत होता आणि वाक्य तिने माझ्याकडून बसवून घेतलं होतं : 'कँटीनमधली भेंडी मलाही आवडत नाही.'

कोथरूडला जेवायला बसलो ते असे : एका बाजूला नवरा आणि विहीणबाई, समोर आजोबा आणि आयरिश बाई. विहीणबाईंनी पातोडीची भाजी केली होती, बेसनाच्या वड्या तिखट रश्श्यात सोडलेल्या. नवऱ्याने पहिला घास घेतला आणि डोळे मिटले. मग जे सुरू झालं त्याला अंत नव्हता. इकडे अकोला आणि अमरावती, उन्हाळ्यात कुठे जास्त तापतं यावर भांडत होती. तिकडे क्रॉख्क आणि क्रुक; त्यांचं कशावरून चाललं होतं देव जाणे, पण आजोबांनी मीठ हवं होतं तरी मधे थांबून मागितलं नाही, हात लांब करून घेतलं. मधूनच विहीणबाई आजोबांच्या ताटात काहीतरी वाढत आणि म्हणत, "घ्या ना वो," आणि आजोबा "हाव हाव" म्हणून ताट पुढे करत. आजोबांची मुलगी बाळाला मांडीवर घेऊन सगळ्यांकडे पाळीपाळीने बघत होती. तिने वडिलांना त्यांच्या भाषेत काहीतरी अडखळत विचारलं. आजोबांचा घास हातातच राहिला. मग त्यांनी तिला उत्तर दिलं, लांबलचक, आणि आयरिश बाईने मधे पडून त्यातलं काहीतरी दुरुस्त केलं. त्यावरून पुन्हा जुंपली.

मी मधल्या खुर्चीवर बसले होते. माझ्या डावीकडचं मला निम्मं कळत होतं आणि उजवीकडचं अजिबात नाही. शुद्ध मराठी बोलणारी त्या टेबलावर मी एकटी, आणि माझ्याशी बोलायला कुणी नाही. नवऱ्याला मी दोनदा हाक मारली. त्याने दोन्ही वेळा हाताने 'थांब' केलं.

तेवढ्यात जावई स्वयंपाकघरातून भाताचं भांडं घेऊन आला. कोथरूडमध्ये जन्मलेला, तिथेच वाढलेला मुलगा. माझ्याजवळ येऊन जरा वाकला आणि अदबीने म्हणाला, "अहो बाई, आपल्याला थोडा भात वाढू का?"

एवढं सुंदर वाक्य मी त्या दिवशी पहिल्यांदाच ऐकत होते. मी दोनदा भात घेतला.